छोट्या कीबोर्डवर होम, एंड कुठे गेली?

प्रश्न : नव्या छोट्या वायरलेस कीबोर्डवर होम, एंड, प्रिंट स्क्रीन, इन्सर्ट ही बटणं दिसतच नाहीत. विंडोज वापरतो. काय करावं?

उत्तर : आधी बटणांवर वेगळ्या रंगात किंवा कोपऱ्यात छापलेली बारीक अक्षरं पाहा. ती कामं एफएन (Fn लिहिलेलं बटण) दाबून ठेवल्यावर होतात. बहुतेक ठिकाणी एफएनसोबत डावा बाण म्हणजे होम, उजवा एंड, वरचा पेज अप, खालचा पेज डाउन. काहीच छापलेलं नसेल तरी ही जोडी करून बघाच.

स्क्रीनशॉटसाठी विंडोज, शिफ्ट आणि एस एकत्र दाबा. उजव्या क्लिकचा मेनू शिफ्ट-एफ१०ने उघडतो. एफ१०ला आवाज किंवा प्रकाश बदलत असेल, तर एफएनही सोबत दाबा. इन्सर्ट कुठेच नसेल, तर विंडोज-कंट्रोल-ओ दाबून पडद्यावरचा कीबोर्ड उघडा, त्यात ते आहे. रोज लागत असेल, तर पॉवरटॉइज या मायक्रोसॉफ्टच्या मोफत ॲपमधल्या 'कीबोर्ड मॅनेजर'मधून एखाद्या बिनवापराच्या बटणाला ते काम द्या. त्यासाठी एफएन मात्र निवडू नका: ते बहुधा कीबोर्डच्या आतच हाताळलं जातं, संगणकापर्यंत पोहोचतच नाही.