तेरा वर्षांच्या भाचीला 'शाळा' वाचायला देऊ का? अन् अशा सगळ्या पुस्तकांत निरागसपणा हरवतोच का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भाची आठवीत आहे, वाचायचा नाद आहे, तिला मिलिंद बोकिलांची 'शाळा' ही कादंबरी द्यावी की अजून लहान आहे म्हणून थांबावं, आणि दुसरं म्हणजे वयात येण्याच्या सगळ्या गोष्टी शेवटी निरागसपणा हरवण्यावरच का येतात. मी मराठीचा प्राध्यापक वगैरे नाही, मूळचा धरणगावकडचा, आता जळगावात नोकरी, पण ही पुस्तकं मी भरपूर वाचलीत आणि एकेक दोन-दोनदा, म्हणून लिहितो.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं. लोकांना वाटतं निरागसपणा हरवतो म्हणजे पोराला पोरगी आवडायला लागते, नाहीतर शरीराबिराचं काही कळतं. मला ते पटत नाही. 'शाळा'त नववीतल्या जोश्याला वर्गातली शिरोडकर आवडते तेव्हा तो उलट आणखीच येडा होतो, आणखीच निरागस, तिच्या नुसत्या दिसण्यावर त्याचा दिवस जातो. माझ्या मते पोरगं मोठं होतं ते घरातली मोठी माणसं कुणाला तरी घाबरतात हे त्याला दिसतं तेव्हा, आणि ते दिसूनही ते गप बसायला शिकतं तेव्हा. दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे.

माझंच सांगतो. मी आठवीत होतो, आमच्याकडे कापूस निघाला होता, आणि व्यापारी गावातच यायचा काटा घेऊन, खेडा खरेदी म्हणतात त्याला. अंगणात काटा मांडायचे, हमाल गाठोडी टाकायचे, चाळीस किलोचं एक माप, व्यापारी मोठ्यानं आकडा सांगायचा आणि वडील मान हलवायचे. आम्हा पोरांना त्या काट्यावर उभं राहायचा फार शौक, तर मधे चहापाण्याला थांबले तेव्हा मी उभा राह्यलो. एकतीस किलो. आता गंमत अशी की त्याच आठवड्यात शाळेत डॉक्टर येऊन तपासणी करून गेले होते आणि कार्डावर माझं वजन होतं चौतीस. मी आपला आनंदात ओरडलो, ओ भाऊ तुमचा काटा खराब आहे, तीन किलो कमी दाखवतो! मला वाटलं शाबासकी मिळेल. व्यापारी हसला, म्हणे आजारी पडला का रे भो, जेवत जाय जरा. आणि वडिलांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "जाय, मायले चहा ठेवाले सांग." चहा तर सगळ्यांच्या हातात होता.

मी आत गेलो आणि वहीच्या मागच्या पानावर त्रैराशिक मांडलं. चाळीस म्हणून जे माप चाललंय ते खरं चव्वेचाळीसच्या आसपास होतं. मापात पाप हा शब्द तोवर पेपरात वाचलेला, तो आमच्या अंगणात असेल असं डोक्यात नव्हतं. रात्री वडिलांना वही दाखवली तर त्यांनी नीट बघितली, मिटली, म्हणाले, "माले बी दिखस." एवढंच. बियाण्याला आणि काकाच्या दवाखान्याला त्याच माणसाकडून उचल घेतलेली होती हे मला नंतर कळलं. पण मला खरा धक्का बसला तो मोठ्या बहिणीचा. तिला सगळं सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तुले आते समजनं?"

पुढच्या वर्षी तोच माणूस, तोच काटा, आणि आकडे वहीत लिहायचं काम माझ्याकडे. तो म्हणेल ते मी लिहिलं. चाळीस, चाळीस, साडेएकोणचाळीस. माझं काय हरवलं असेल तर ते तेव्हा, आदल्या वर्षी नाही.

म्हणून ही पुस्तकं मी त्या नजरेनं वाचतो. 'श्यामची आई'च घ्या, सगळे म्हणतात संस्काराचं पुस्तक. साने गुरुजी आमच्या अमळनेरला 1924 ते 1930 शिक्षक होते, छात्रालयातल्या पोरांचं सगळं करायचे, आणि हे पुस्तक त्यांनी लिहिलं 1933 साली नाशिकच्या तुरुंगात. त्यात कर्ज आहे, सावकार आहे, घरावर जप्ती येते आणि त्याची गावात ढोल वाजवून दवंडी पिटतात. लहानपणी मी आईसाठी रडलो होतो. मोठेपणी वाचलं तर मला वडील दिसायला लागले, गावासमोर काही करू न शकणारे. रडू त्याच पानांवर आलं, कारण बदललं होतं.

'कोसला' ही कादंबरी 1963 ची, भालचंद्र नेमाडे तेव्हा पंचविशीतले, आणि ते यावल तालुक्यातल्या सांगवीचे म्हणजे पुन्हा आपल्याच भागातले. तिचा नायक पांडुरंग पुण्याला शिकायला जातो, इकडे लहान बहीण मनी देवीच्या रोगानं जाते. सगळे 'कोसला'तल्या वगैरे-उदाहरणार्थच्या भाषेबद्दलच बोलत बसतात, पण मनी गेल्यावरची पानं वाचताना मला पुस्तक खाली ठेवावं लागलं होतं. त्याचं वडिलांशी भांडणही वरवर पैशाचं वाटतं, खरं ते वडील गावात कसे वागतात हे बघितल्याचं आहे. 'कोसला'ची तुलना नेहमी करतात त्या अमेरिकन 'कॅचर इन द राय' मधे (1951 ची) नायक होल्डन बहिणीच्या शाळेतल्या भिंतीवरची शिवी पुसतो लहान पोरांनी वाचू नये म्हणून, आणि पुढं दुसरीकडे तीच शिवी चाकूनं कोरलेली सापडते, ती काही पुसली जात नाही. मोठी माणसं तुमच्या भाचीच्या बाबतीत करतात ते हेच आहे, राग मानू नका.

आमच्याकडेही तेच झालं की. बालकवी धरणगावचे, शाळेत आम्हाला फुलराणी आणि आनंदी आनंद घोकून घेतलं, आणि ते 1918 साली सत्तावीस वर्षांचे असताना भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेले हे कुणी बोललं नाही. भुसावळ पॅसेंजर भादलीला थांबायची, मी कॉलेजात असताना शेजारच्या एका म्हाताऱ्या बाबांनी खिडकीतून बोट दाखवून सांगितलं.

एक गोष्ट मात्र मला खटकते आणि ती तुमच्या कामाची आहे. मनी मरते आणि पांडुरंग मोठा होतो. शिरोडकर गाव सोडून जाते आणि जोशी मोठा होतो. पोरी जातात, पोरं शहाणी होतात. शिरोडकर आपल्याला दिसते ती पूर्ण जोश्याच्या डोळ्यांनी, तिला स्वतःला काय वाटलं, घरी काय ऐकून घ्यावं लागलं, ते तिच्या बाजूनं आपल्याला कळतच नाही. यात बोकिलांची चूक नाही, नववीतल्या पोराच्या तोंडची गोष्ट आहे ती, त्याला दिसेल तेवढंच येणार. पण माझी बहीण मला आठवते. तिला काटा माझ्या दोन वर्षं आधीच कळलेला होता आणि तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण तिला कुणी विचारलंच नव्हतं. दहावीनंतर पुढं शिकायला बाहेरगावी जायचं म्हणून तिचा एसटीचा पास काढायची पाळी आली तेव्हा घरात जे बोलणं झालं तेही तिनं भाकरी थापतच ऐकलं. तिच्यावर कादंबरी लिहिली तर ती कदाचित तीनच पानांत मोठी झालेली असेल.

आता पहिला प्रश्न. द्या 'शाळा'. त्यात पोरं लाइन वगैरे बोलतात, थोड्या शिव्या आहेत, आणीबाणीचा काळ आहे तर ते तिला विचारावं लागेल, तेव्हा तुम्हीही वाचून ठेवा. पण त्याआधी प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' द्या, लंपन आजी-आजोबांकडे राहतो त्या गोष्टी, भाषा इतकी मजेदार की ती एकटीच हसत बसेल. त्याची पुढची तीन पुस्तकं आहेत, शेवटचं 'झुंबर', त्यात लंपनचे वडील जातात, ते ती वाचत असताना घरात कुणीतरी असा. 'कोसला' बारावीपर्यंत राहू द्या. शिव्यांमुळे नाही, आठवीत कंटाळा येईल आणि मग जन्मात हात लावणार नाही, माझ्या पुतण्याचं तेच झालं.

आणि 'शाळा' संपल्यावर तिला फक्त एवढं विचारा की शिरोडकरनं ही गोष्ट सांगितली असती तर कुठून सुरू केली असती. उत्तर इथं टाकाल का? बहिणीला दाखवायचंय.