डूम्सडेची एक नोंद म्हणजे अख्खं गाव नव्हे

तुमचा प्रश्न वाचला आणि मला माझे वाया गेलेले चार महिने आठवले. डूम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंडच्या राजाने १०८६ मध्ये करवलेल्या जमीन-पाहणीच्या नोंदवहीत, केंब्रिजशायरमधल्या एका गावाची ३ हाइड (कर आकारायचं एकक) जमीन, ४ नांगर, ७ व्हिलेन (धन्याच्या जमिनीशी बांधलेले शेतकरी) अशी नोंद आहे, आणि एवढ्यात गाव कसं चालायचं, असं तुम्ही विचारलंय. लॅटिनची संक्षिप्त रूपं तुम्ही नीट लावली आहेत, त्यात शिरत नाही.

ही पाहणी गावाप्रमाणे लावलेलीच नाही. आधी शायर (म्हणजे इंग्लंडमधला जिल्हा), त्याखाली जमीनधारक: राजा, मग बिशप, मठ, सरदार. गाव पाच धन्यांत वाटलेलं असेल तर ते पाच ठिकाणी विखुरलेलं सापडतं, आणि केंब्रिजशायरात हे सर्रास आहे. माझं गावही असंच पाच धन्यांत वाटलेलं होतं, पण मी प्रबंधासाठी एकच नोंद धरून लोकसंख्या काढली, नकाशा केला, प्रकरण लिहून दिलं. त्याआधी एका अभिलेखागाराला स्पष्ट लिहिलं होतं की या गावाचं जे असेल ते सगळं द्या. सहा आठवड्यांनी, पैसे भरून घेऊन, एक पान आलं. उरलेल्या चार नोंदींबद्दल एक अक्षर नाही. फोन केला तर म्हणाले, 'गावाचं नाव होतं ते पान दिलं.' नाव तर पाचही पानांवर होतं! तेव्हापासून मी कुणाच्या 'पूर्ण नोंदी'वर विसंबत नाही.

तुम्ही आधी सगळ्या धन्यांच्या नोंदी गोळा करा. या शायरात हाइडांची बेरीज बऱ्याचदा ५ किंवा १० वर येऊन बसते. तशी बसली तर बहुतेक सगळं हाती लागलं. अपवाद आहेत, त्यामुळे हा पुरावा नाही, फक्त खूण समजा. आणि याच शायरातल्या काही भागाच्या पाहणीची बाराव्या शतकातली एक नक्कल उरली आहे, 'इन्क्विझिशिओ कोमिटाटुस कांटाब्रिजिएन्सिस'. ती गावाप्रमाणे आहे: आधी गावाची एकूण आकारणी, मग वाटण्या. तुमचं गाव तिच्यात असेल तर ताळा तिथेच होईल. मला ती फार उशिरा कळली.

हाइड नकाशावर मोजू नका. कागदावर ती १२० एकरांची, पण ती कराची आकारणी आहे. जुन्या मराठी कागदांतला १२० बिघ्यांचा चाहूर डोक्यात असल्यामुळे मी ती क्षेत्रफळच धरली होती. जमिनीचा अंदाज हवा तर नांगर बघा, एका नांगराला ८ बैल. 'अर्धा नांगर' म्हणजे ४ बैल, उरलेले चार शेजाऱ्याचे असू शकतात. ७ व्हिलेन म्हणजे ७ माणसं नव्हेत, ७ घरं. अभ्यासक साधारण साडेचार-पाचनं गुणतात, गुलामांचं मात्र कसं मोजायचं यावर एकमत नाही.

मी इतिहासाची प्राध्यापक नाही, ही फक्त माझी पद्धत. धन्यांची नावं आणि त्यांच्या हाइडांचे आकडे इथे टाका, बेरीज मी तपासून देते.