24 दिवसांची पिल्ले, घरघर आणि दुकानदाराची पुडी

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पारोळ्याजवळ शेड, 3000 ब्रॉयलर, वय 24 दिवस, तीन रात्रींपासून घरघर, रोज सहा-सात मर, खाणे अजून बरे. दुकानदाराने एन्रोफ्लॉक्सासिनची बाटली आणि कोलिस्टिनची पुडी, अशी दोन अँटिबायोटिक हातात ठेवली आणि पाच दिवस दोन्ही पाण्यातून सोडा म्हणाला. तुम्ही विचारताय, लिटरला किती मिली?

मिलीवर येतो, पण आधी ती कोलिस्टिनची पुडी बाजूला काढा. खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत, म्हणजे कोंबड्यांतही, कोलिस्टिन विकायला आणि वाटायला केंद्र सरकारने जुलै 2019 मध्येच बंदी घातली. आयसीयूतल्या पेशंटवर बाकी सगळी औषधे थकली की डॉक्टर शेवटी ज्या मोजक्या औषधांकडे वळतात, त्यातले हे एक. आपण ते पिल्लांना सर्दीच्या काढ्यासारखे पाजत होतो. मीही पाजले आहे, उगाच सोवळे दाखवत नाही. पुडी दुकानदाराला परत करा. उकिरड्यावर किंवा नाल्यात टाकू नका.

आता सांगा, घरघर सुरू व्हायच्या दोन-चार दिवस आधी लासोटा लसीचा बूस्टर दिला होता का? तुमच्या पिल्लांच्या वयावरून मला तीच शंका आहे. लासोटा ही मानमोडीवरची (राणीखेत) जिवंत लस. ती दिल्यावर बऱ्याच लॉटमध्ये हलकी घरघर होते आणि शेडमधली हवा चांगली असेल तर चार-पाच दिवसांत आपोआप बसते. तिथे अँटिबायोटिकचे काही काम नाही. मानमोडी, गम्बोरो हेही विषाणूचेच आजार. त्यांच्यावर कितीही भारी बाटली ओता, विषाणूला काही होत नाही.

हवा खराब असेल तर मात्र ही साधी घरघर चिघळते. 2017 च्या मे महिन्यात माझ्याकडे हेच झाले. ऊन 44-45 अंश, मी फॉगर (पाण्याचे बारीक तुषार उडवणारे) दिवसभर चालू ठेवले, बाजूला ओले गोणपाट. पिल्ले गार राहिली, पण खाली तुसाची गादी भिजली. (या गादीला इंग्रजीत लिटर म्हणतात, मी मुद्दाम म्हणत नाही, पाण्याच्या लिटरशी घोळ होतो.) ओल्या गादीतून अमोनिया उठतो, त्याने श्वासनळीचे आतले अस्तर सोलते आणि तिथून ई-कोलाय हा जंतू आत शिरतो. मी अकरा दिवसांत तीन औषधे बदलली, मर काही थांबेना. शेवटी डॉक्टरांनी मेलेली पिल्ले फाडली, तर काळजावर आणि यकृतावर पांढरा पापुद्रा. पापुद्र्याचा नमुना सेन्सिटिव्हिटीला, म्हणजे जंतूवर कोणते औषध चालते त्या तपासणीला पाठवला. मी दिलेल्या तिन्हीपैकी एकही औषध त्या जंतूवर चालत नव्हते. शेजारचे आबा पहिल्या दिवसापासून सांगत होते, "पहिले पानी देख, मंग दवाई दे." ऐकले असते तर पैसे वाचले असते.

म्हणून आज रात्री एक करा. शेडमध्ये पिल्लांच्या उंचीला उकिडवे बसा आणि दोन मिनिटे श्वास घ्या. उभ्याने कळत नाही. डोळे चुरचुरले तर आजाराचे मूळ तिथेच आहे. गादी मुठीत दाबा. गोळा होऊन तसाच राहिला तर ओली आहे. ओले तूस काढून कोरडे भरा, गादी हलवा, फॉगर सलग न ठेवता थांबून थांबून चालवा, पंखे वाढवा.

आता मिली. समजा डॉक्टरांनी तपासून एन्रोफ्लॉक्सासिनच लिहून दिले. त्याचा नेहमीचा डोस किलो वजनाला दिवसाला 10 मिलिग्रॅम. तुमची पिल्ले सरासरी किलोभर धरा, म्हणजे 3000 किलो. त्याला 30 ग्रॅम औषध, म्हणजे 10 टक्क्यांच्या बाटलीतले 300 मिली. दुकानदार सांगतो लिटरला अर्धा मिली. थंडीत ही पिल्ले दिवसाला 600 लिटर पितात, हिशोब बरोबर जुळतो. पण आपल्याकडच्या मे महिन्यात तीच पिल्ले 1000 लिटर ओढतात आणि 500 मिली पोटात जाते. पिल्ले 600 लिटरपेक्षा कमी प्यायली तर उलटे, डोस कमी पडतो आणि अर्धवट डोसात वाचलेले जंतूच पुढे माजतात. म्हणून डोस वजनावर काढायचा आणि तेवढे औषध पिल्ले चार-सहा तासांत संपवतील इतक्याच पाण्यात सोडायचे. तापी पट्ट्यातले बोअर जड असेल, टाकीला पांढरा थर धरत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. डॉक्सिसायक्लिनसारखी औषधे पाण्यातल्या कॅल्शियमला चिकटतात आणि पिल्लाला लागू होत नाहीत.

विक्रीचे तुम्ही विचारले नाही, पण खरी अडचण तिथे आहे. औषध बंद केल्यापासून विक्रीपर्यंत किती दिवस थांबायचे हे लेबलवर असते. 2012 च्या नियमाप्रमाणे पक्का काळ ठरलेला नसेल तर मांसाच्या पक्ष्याला किमान 28 दिवस आणि अंड्यांना 7. तुमचा हिशोब करा: 24 दिवसांचे पिल्लू, पाच दिवसांचा कोर्स, वर 28. झाले 57 दिवस. ब्रॉयलर तोवर कोण सांभाळणार? म्हणजे लेबलवर काळ छापलेला नाही अशी बाटली या वयाला वापरायचीच नाही, मग ती कितीही स्वस्त असो. कंपनीच्या करारावर पिल्ले पाळत असाल तर कंपनीच्या सुपरवायझरकडून औषधाचे नाव आणि तारीख वहीत लिहून घ्या.

उद्या सकाळी, उन्हाच्या आत, दोन ताजी मेलेली आणि दोन आजारी पिल्ले बंद पिशवी-खोक्यात घालून जळगावच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात न्या. निघण्याआधी फोन करून मगच न्या. मात्र रात्रीतून मर एकदम शे-दोनशेवर गेली, तुरे निळे पडले, तर एकही पक्षी हलवू नका, विकू तर मुळीच नका. तालुक्याच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना तिथेच बोलवा. 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नवापुरात निघाला होता, 2021 मध्ये तो परत आला.

गादीचे खत केळीवाले लगेच मागतील. या लॉटचे ताजे देऊ नका, ढीग झाकून नीट कुजू द्या. आणि लासोटाची तारीख, बोअरचे पाणी आणि फॉगर किती तास चालतो, एवढे कळवा.