सेव्हन-छापाच्या गाडीत इंजिन किती मागे बसवावं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: इंग्लंडमधल्या रेडिंगला घरच्या गॅरेजात सेव्हन-छापाची (जुन्या लोटस सेव्हनसारखी छोटी, उघडी दोन सीटची) गाडी बांधताय. चासी वेल्ड होऊन तयार आहे, डिफरन्शियल जुन्या फोर्ड सिएराचं, इंजिन फोर्डचंच दोन लिटरचं झेटेक आणि त्याला फोर्डचाच टाइप ९ गिअरबॉक्स. वजन मागे जावं म्हणून इंजिन अजून ५० मिलिमीटर मागे न्यायचंय, पण त्यासाठी फायरवॉल (इंजिन आणि बसायची जागा यांमधला पत्रा) कापावी लागेल. कापू का?

माझं म्हणणं, ग्राइंडर सध्या खाली ठेवा. आधी साधा हिशोब करू. इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून १५० किलो धरा आणि पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २,३०० मिलिमीटर. ५० मिलिमीटर मागे सरकवल्यावर पुढच्या चाकांवरून मागच्या चाकांवर किती वजन जातं? १५० गुणिले ५० भागिले २,३००, म्हणजे सव्वातीन किलो. ६०० किलोच्या गाडीत अर्धा टक्का. तुमची पेट्रोलची टाकी मागे आहे. वीस लिटर पेट्रोल जळलं की मागून जवळजवळ पंधरा किलो गेले. शेजारी कुणी बसलं तर सगळाच हिशोब बदलतो. सव्वातीन किलोसाठी फायरवॉल कापायची, पाय ठेवायची जागा अरुंद करायची आणि झेटेकच्या हेडच्या मागच्या टोकाला असलेलं पाण्याचं आउटलेट पत्र्यात घुसवायचं, हे मला पटत नाही. ते आउटलेट मुळात आडव्या बसणाऱ्या इंजिनासाठी आहे. उभ्या मांडणीत ते नेमकं फायरवॉलकडे येतं. त्याची हाऊसिंग बदलून पाणी पुढे वळवायचं काम तुम्हाला तसंही करावं लागणार आहे.

इंजिनाची जागा पुढून ठरवूच नका, ती मागून ठरते. आधी सीट बसवा आणि त्यात स्वतः बसा, बूट घालून, पेडलवर पाय ठेवून. मग गिअर लीव्हर हाताला कुठे हवा ते बघा. टाइप ९ चा लीव्हर गिअरबॉक्सच्या शेपटाकडे असतो, म्हणून इंजिन मागे गेलं की लीव्हरही तेवढाच मागे जातो. ५० मिलिमीटर ऐकायला काहीच नाही, पण दुसरा गिअर टाकताना कोपर सीटच्या पाठीला आपटायला लागलं की रोज जाणवतं. टनेलवर झाडूचा दांडा उभा धरा आणि घरातल्या कुणाला तरी तो पुढे-मागे करायला सांगा. पंधरा मिनिटांत उत्तर मिळतं. लीव्हरची जागा पक्की झाली की गिअरबॉक्सचं शेपूट पक्कं झालं, आणि इंजिन त्याच्या पुढे आपोआप जिथे येतं तिथे येतं. पुढे रेडिएटर आणि पंखा बसतो का, एवढंच मग बघायचं उरतं.

आता प्रॉपशाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत फिरणारा दांडा. यात लोक सगळ्यात जास्त चुकतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. त्याच्या टोकाचा क्रॉसचा (युनिव्हर्सल) जॉइंट कोनात फिरला की त्याच्या पुढचा शाफ्ट एकसारखा फिरत नाही. दर फेरीत दोनदा किंचित पुढे जातो, दोनदा मागे पडतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असले आणि दोन्ही योक (जॉइंट धरणारे दुबेळके) एका रेषेत असले, तर एकाची चूक दुसरा भरून काढतो. म्हणून गिअरबॉक्सचा आउटपुट आणि डिफरन्शियलचं पिनियन (त्याच्या तोंडाशी फिरणारा आस) एकमेकांना समांतर हवेत. एका रेषेत असायची गरज नाही, फक्त समांतर हवेत. उलट कोन अगदी शून्य असणंही वाईट: बेअरिंगमधल्या सुया एकाच जागी बसून राहतात आणि तिथेच खळगे पडतात. एक ते तीन अंश ठेवा.

सेव्हनमध्ये प्रॉपशाफ्ट फार आखूड असतो, आणि खरी अडचण तिथेच आहे. समजा तो ६०० मिलिमीटर आहे, गिअरबॉक्स पिनियनपेक्षा २५ मिलिमीटर वर आणि २० मिलिमीटर डावीकडे आहे. दोन्ही मिळून तिरकं अंतर ३२ मिलिमीटर होतं, म्हणजे कोन तीन अंशांचा झाला. तेवढ्यात तुमची मर्यादा संपली. मोठ्या सेडानच्या लांब शाफ्टला हेच अंतर सहज खपतं. इंजिन मागे नेलं की शाफ्ट आणखी आखूड होतो आणि कोन आणखी वाढतो, हे फायरवॉल कापणाऱ्यांच्या लक्षात फार उशिरा येतं.

माझ्या पहिल्या गाडीत मी हे कोन पाणसळीने मोजले होते. गिअरबॉक्स एका रविवारी, डिफरन्शियल तीन आठवड्यांनी. मधल्या काळात वेल्डिंगसाठी गाडीचं तोंड गॅरेजात उलट दिशेला फिरवलं होतं. गॅरेजची फरशी पाणी जावं म्हणून दाराकडे दीड अंश उतरती होती. दीड इकडून, दीड तिकडून, तीन अंशांचा फरक पडला. गाडी ताशी ६० मैलांवर गेली की आरशातली मागची गाडी पुसट व्हायची आणि सीटखालून गुणगुण यायची. मी दोनदा शाफ्ट बॅलन्स करून घेतला, टायर बदलून बघितले. शेवटी जॉइंट उघडला तर बेअरिंगच्या कपात सुयांच्या रेघा नखाला लागत होत्या. मागचं फाउंडेशन (माउंटिंग) कापून गिअरबॉक्सचं शेपूट जवळजवळ ३५ मिलिमीटर उचलावं लागलं आणि टनेलचा वरचा पत्रा नव्याने वाकवावा लागला. तेव्हापासून मी कोन जमिनीच्या संदर्भात मोजतच नाही. चासीच्या खालच्या रेल्वर (लांब नळीवर) पाणसळ किंवा कोन दाखवणारा फोन ठेवून तिथे शून्य धरायचं आणि बाकी सगळं त्याच्यापासून मोजायचं. मधली रेषा पुढून मागे दोरा ताणून आणि ओळंबा सोडून काढायची. तुमचं डिफरन्शियल चासीलाच पक्कं आहे, त्यामुळे कोन एकदा जमले की जमले. चाकांबरोबर वर-खाली होणारा अखंड अॅक्सल असता तर ड्रायव्हरच्या वजनासह मोजावे लागले असते.

उंचीबद्दल. इंजिन खाली जितकं जाईल तितकं चांगलं, हे खरं आहे. २५ मिलिमीटर खाली आणलं तर गाडीचा गुरुत्वमध्य सहा मिलिमीटरने उतरतो, आणि वळणात हे ५० मिलिमीटर मागे नेण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं. पण आड येतो ऑइल चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं. मूळ चेंबर तसाच ठेवलात तर तो चासीच्या खाली लोंबेल आणि पहिल्याच स्पीडब्रेकरवर फुटेल. माझा नियम: चेंबरचा तळ चासीच्या खालच्या रेल्च्या वरच हवा. त्यासाठी चेंबर कापून उथळ करायचा, कमी झालेलं तेल बाजूला पंख काढून भरून घ्यायचं, वळणात तेल एका बाजूला जाऊ नये म्हणून आत आडपडदे लावायचे. आणि पिकअपची (तळातून तेल ओढणारी) नळी तेवढीच आखूड करायची. हे विसरून नळी तळाला टेकली, तर तेलाचा दाब जातो आणि बेअरिंग जळतात.

इंजिन थोडं डावीकडे घेणं उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत बहुतेक वेळा फायद्याचं असतं: स्टिअरिंग शाफ्टला जागा होते, शिवाय एकटा ड्रायव्हर असताना उजवीकडचं वजनही थोडं तोललं जातं. मात्र क्रँकची रेषा गाडीच्या मधल्या रेषेला समांतर ठेवा, इंजिन तिरकं करू नका. एक्झॉस्टच्या वाटेत चासीची तिरकी नळी येत असेल तर ती कापून मोकळे होऊ नका. इंजिनाच्या खोलीतल्या त्या नळ्यांवर चासीचा ताठपणा उभा आहे. बोल्टने काढता येईल अशी बनवा.

माउंटिंग वेल्ड करताना इंजिन पूर्ण अंगानिशी हवं. नुसता ब्लॉक टांगून माप घेऊ नका. बेलहाऊसिंग (इंजिनाला गिअरबॉक्स जोडणारं आवरण) डॉवेलसह, म्हणजे जागा पक्की करणाऱ्या पिनांसह, बसलेलं, स्टार्टर, अल्टरनेटर, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि ऑइल फिल्टर लागलेले. फिल्टर जागेवर हाताने फिरवून काढून बघा. स्टार्टरच्या बोल्टवर पाना बसतो का बघा. चेंबरखाली लाकडी ठोकळे देऊन इंजिन जागेवर टेकवा. फाउंडेशन रबर वजनाने काही मिलिमीटर दबतात, म्हणून रबरावर पूर्ण वजन देऊन मगच ब्रॅकेटला टॅक (वेल्डचे छोटे ठिपके) मारा. फक्त टॅक. मग इंजिन बाहेर काढून, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे असं आलटून पालटून वेल्ड करा, नाहीतर उष्णतेने ब्रॅकेट ओढलं जातं.

टॅकनंतर एक गोष्ट मी दर वेळी करतो. कणकेचे लाडूएवढे गोळे करून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळतो आणि रॉकर कव्हरवर, स्टिअरिंग शाफ्टजवळ, मॅनिफोल्डच्या वाकणावर चिकटवतो. बोनेट लावून दाबतो, मग पहारीने इंजिन दोन्ही बाजूंना डोलवतो, कारण अॅक्सिलरेटर दाबल्यावर ते डोलणारच आहे. मग गोळे कापून जाडी मोजतो. २० मिलिमीटरपेक्षा कमी असेल तिथे काहीतरी हलवावं लागतं. स्टिअरिंग शाफ्टच्या बाबतीत मी एक मिलिमीटरही सोडत नाही, आणि आयव्हीएच्या (घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणण्याआधीच्या सरकारी) तपासणीतही तिथे सूट मिळण्याची आशा ठेवू नका.

तर आधी तीन मापं घ्या: हवा तिथे लीव्हर ठेवून शाफ्टची लांबी किती उरते, पिनियनचा कोन चासीच्या रेल्शी किती आहे, आणि चेंबरचा तळ रेल्च्या किती खाली येतो. ती इथे टाका, फोटो बाजूने काढलेला असू द्या. मग बघू फायरवॉलला हात लावायची गरज आहे का.