‘वारसा मालमत्ता’, ‘वारसा मत्ता’ की ‘वारसावस्तू’?

प्रश्न असा आहे: सार्वजनिक संग्रहालयाच्या वार्षिक हिशेबात ‘हेरिटेज ॲसेट’साठी (संस्थेच्या ताब्यातल्या जतन करण्याजोग्या वस्तू-वास्तूंसाठी) ‘वारसा मालमत्ता’ लिहिले, तर वाचणारा ‘वारसाहक्काने मिळालेली मालमत्ता’ असे समजेल का? आणि मग कोणता शब्द घ्यावा?

तसे नक्कीच समजेल. ‘मालमत्ता’ म्हटले की घर, जमीन, मालमत्ता कर, भाऊबंदकीचे वाद असेच डोळ्यांपुढे येते, आणि मागे ‘वारसा’ असला की वारसदारही आठवतात. ‘माल’ आणि ‘मता’ हे अरबीतून फारसीमार्गे आलेले शब्द, दोन्हींचा अर्थ चीजवस्तू. हिशेबाच्या मराठीत मात्र ‘मत्ता आणि दायित्वे’ (संस्थेकडे आहे ते आणि तिचे देणे आहे ते) ही जोडी केव्हाच रुळली आहे. म्हणून ताळेबंदात ‘वारसा मत्ता’ लिहावे. ‘वारसासंपत्ती’ भाषणात शोभते. ताळेबंदात ती नको, कारण ‘संपत्ती’ हा शब्द दायित्वे वजा जाता उरते त्यालाही वापरला जातो.

पण एका शब्दाने भागत नाही, सोबत ‘वारसावस्तू’ही लागतो. जतन करण्याजोगी प्रत्येक गोष्ट, मग ती मूर्ती असो, हस्तलिखित असो वा जुनी इमारत, ही वारसावस्तू. ती ‘मत्ता’ केव्हा होते? मागे घडलेल्या व्यवहारातून (खरेदी, देणगी, हस्तांतरण) संस्थेचे तिच्यावर नियंत्रण आलेले असेल आणि तिच्यातून लोकांना सेवा किंवा संस्थेला आर्थिक लाभ मिळू शकत असेल तेव्हा. प्रदर्शनासाठी दुसऱ्या संस्थेकडून उसने आणलेले चित्र वारसावस्तू आहे, पण उसने घेणाऱ्याची मत्ता नाही. मराठी अहवालांत हा भेद पुसला गेला, तर दोन संस्था एकच चित्र आपापल्या हिशेबात धरून बसू शकतात.

खरी गफलत होते ती ‘नोंद’ या शब्दात. ‘वस्तूची नोंद केली’ याचे तीन अर्थ निघतात: संग्रहाच्या नोंदवहीत दाखल क्रमांक दिला, रक्कम ताळेबंदात घेतली, किंवा ताळेबंदाखालच्या टिपेत माहिती दिली. लेखापरीक्षक विचारतो दुसऱ्याबद्दल, अभिरक्षक (संग्रह सांभाळणारा) उत्तर देतो पहिल्याचे. म्हणून तीन क्रियापदे वेगळी ठेवावीत: नोंदवहीत ‘नोंदवणे’, ताळेबंदात ‘समाविष्ट करणे’, टिपेत ‘प्रकट करणे’. समजा संग्रहात ४,००० वस्तू आहेत आणि विश्वासार्ह किंमत ६०० चीच ठरवता आली. मग वाक्य असे लिहावे: ‘सर्व ४,००० वस्तू नोंदवलेल्या आहेत, ६०० समाविष्ट आहेत, उरलेल्या ३,४०० टिपेत कारणासह प्रकट केल्या आहेत.’ तिन्ही ठिकाणी ‘नोंद’ वापरून पाहा, वाक्य निरुपयोगी होते.

हा भेद आता जास्त महत्त्वाचा झाला आहे. आंतरराष्ट्रीय सार्वजनिक क्षेत्र लेखा मानकांपैकी जुने १७ वे मानक वारसा मत्ता ताळेबंदात घेण्याची सक्ती करत नव्हते. त्याच्या जागी २०२३ मध्ये आलेल्या ४५ व्या मानकात ती सवलत नाही. १ जानेवारी २०२५ रोजी किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या हिशेबी वर्षांना ते लागू आहे. ही मानके स्वीकारलेल्या संस्थेने किंमत विश्वासार्हपणे ठरत नसेल तरच वस्तू ताळेबंदाबाहेर ठेवायची, आणि का ठरत नाही ते टिपेत सांगायचे.

किमतीच्या शब्दांतही जपायला हवे. देणगीत आलेल्या वस्तूला ‘खरेदी किंमत’ नसते. तिथे ‘मिळाली त्या दिवसाचे मूल्य’ लिहावे. ‘विमा रक्कम’ म्हणजे ‘मूल्य’ नव्हे: ती जोखमीच्या हिशेबाने ठरते. नुसता ‘एक रुपया’ लिहून वस्तू हिशेबात मांडण्याची पद्धत तर टाळावीच, कारण वाचणाऱ्याला ती खरीच तेवढी स्वस्त वाटते.

‘घसारा’ हा शब्द मात्र उत्तम आहे, त्याला हात लावू नये. फक्त तो कशाला लावतो ते स्पष्ट असावे. आयुर्मान अनिश्चित असलेल्या मूर्तीवर घसारा काढत नाहीत; जुन्या इमारतीत कचेरी असेल तर तिथल्या उद्वाहनावर (लिफ्टवर) आणि वीजजोडणीवर काढतात. मूर्तीला तडा गेला तर तो घसारा नव्हे, ‘मूल्यऱ्हास’: घसारा वापराने वर्षानुवर्षे होतो, मूल्यऱ्हास अशा नुकसानीने. छप्पर गळते म्हणून केलेली डागडुजी महसुली खर्चात, म्हणजे त्याच वर्षाच्या खर्चात, जाते. सेवाक्षमता वाढवणारे काम भांडवली खर्चात, म्हणजे मत्तेच्या किमतीत. दोन्हींना सरसकट ‘संवर्धन खर्च’ म्हटले की वर्षाची शिल्लक किंवा तूट चुकते.

राहिला लेखनाचा भाग. ‘मत्ता’ स्त्रीलिंगी, अनेकवचनही ‘मत्ता’च: ‘या वारसा मत्ता’. ‘मत्ते’ हे अनेकवचन चूक. सामान्यरूपे ‘मत्तेचे’ आणि ‘मत्तांचे’. ‘वारसावस्तू’ जोडून लिहावा; ‘वारसा मत्ता’ तोडून लिहिलेला वाचायला सोपा जातो.