अस्थिमज्जा वेगळी, मज्जारज्जू वेगळा

प्रश्न : मला मूलपेशीदाता म्हणून नाव नोंदवायचं आहे. पण आई म्हणते, पाठीच्या कण्यातून मज्जा काढतात आणि माणूस अधू होतो.

उत्तर : ही भीती मी वारंवार ऐकतो. तिचं मूळ शब्दांच्या सारखेपणात आहे. मज्जारज्जू कण्यातून जातो. दानात त्याला कुणी हातही लावत नाही. अस्थिमज्जा म्हणजे हाडांच्या पोकळीतला मऊ गर. रक्त तयार करणाऱ्या मूलपेशी त्यातच असतात. तो काढायचा झालाच तर कमरेच्या मागच्या हाडातून, भूल देऊन, सुईने काढतात. काही दिवस कंबर दुखते. गर काही आठवड्यांत पुन्हा भरतो.

हल्ली बहुतेक दात्यांना तेही करावं लागत नाही. चार-पाच दिवस इंजेक्शनं घेतली की मूलपेशी रक्तात उतरतात. मग एका हातातून रक्त यंत्रात जातं, मूलपेशी बाजूला निघतात आणि उरलेलं रक्त परत शरीरात येतं. यात काही तास जातात. इंजेक्शनांच्या दिवसांत हाडं ठणकतात, हे मी लपवणार नाही. नोंदणीच्या दिवशी मात्र बहुधा गालाच्या आतून कापसाची काडी फिरवतात, इतकंच.

प्रश्न : माझा रक्तगट 'ओ' आहे, म्हणजे कुणालाही चालेन ना?

उत्तर : नाही. इथे जुळावी लागते ती एचएलए ही पेशींवरची ओळखखूण. रक्तगट वेगळा असला तरी चालतो. पुढे रुग्णाचा रक्तगटच बदलून दात्याचा होतो.

प्रश्न : सख्खी भावंडं असताना परक्या दात्याची गरज का पडते?

उत्तर : ही खूण निम्मी आईकडून, निम्मी वडिलांकडून येते. त्यामुळे एखादं सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता फक्त २५ टक्के. बाहेर शोधताना रुग्णाच्याच वंशसमूहातला दाता जुळण्याची आशा जास्त. ज्या समाजातून नोंदणी कमी, तिथल्या ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) किंवा थॅलेसेमियाच्या (रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या) रुग्णाला ताटकळावं लागतं. म्हणून तुमचं नाव हवं आहे.

प्रश्न : ऐनवेळी मन बदललं तर?

उत्तर : नकाराचा हक्क शेवटपर्यंत तुमचाच. पण प्रत्यारोपणाच्या आधी काही दिवस तीव्र औषधांनी रुग्णाची स्वतःची मज्जा नष्ट करतात. त्यानंतर दाता मागे फिरला, तर रुग्णाच्या जिवावर बेततं. तेव्हा नाही म्हणायचं असेल तर पहिला फोन येईल तेव्हाच म्हणा. आणि नोंदणीआधी घरी बोला. पहिल्या प्रश्नातल्या आईंना समुपदेशकाकडे सोबत घेऊन जा. त्यांच्या शंका त्यांनाच विचारू द्या.