लाजर उठला, मग माझी आई का नाही?

प्रश्न: ताई, सलाम. मी मूळची नगरची, वय २९, पुण्यात जॉब करते. घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती, आणि मी दर रविवारी चर्चमध्ये मुलांचा बायबलचा वर्ग, संडे स्कूल, घेते. जानेवारीत आई कॅन्सरने गेली. दीड वर्ष आम्ही उपास केले, चेन प्रेयर ठेवली, पाळकसाहेब घरी येऊन तेल लावून प्रार्थना करून गेले, काही बाकी ठेवलं नाही. माती झाल्यावर मंडळीतल्या एक बाई मला म्हणाल्या, कुठेतरी विश्वास कमी पडला असेल. तेव्हापासून प्रार्थनेला डोळे मिटले की भिंतीशी बोलतेय असं वाटतं. मागच्या रविवारी लाजराचा धडा होता, येशूने मेलेल्या लाजराला कबरेतून उठवलं तो, तर दुसरीतलं एक पोरगं म्हणालं, टीचर, आपण तुमच्या मम्मीसाठी पण रोज प्रे केलं होतं ना? मी गप्प. मुलांना चित्र रंगवायला दिलं. आता चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला घ्यायलाही लाज वाटते. मी ढोंगी आहे का?

उत्तर: सलाम गं. ढोंगी माणूस अशी पत्रं लिहीत बसत नाही.

आधी त्या बाईंचं. त्यांचं बोलणं सोडून दे, आणि हे मी रागानेच लिहितेय. दीड वर्ष आईचं सगळं करणाऱ्या मुलीला मातीच्या दिवशी असं बोलतात का?

आता लाजराचाच धडा पुन्हा काढ, बायबलमधल्या योहानाच्या पुस्तकाचा ११वा अध्याय. लाजराची बहीण मार्था येशूला पहिलं वाक्य काय बोलते? तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने मरीया येते, तीही तेच. दोघी बहिणी घरात बसून चार दिवस हेच बोलत असणार बघ. आणि येशू त्यांना विश्वास कमी पडला म्हणून झापत नाही, तो रडतो. आपण संडे स्कूलमध्ये थेट कबरेच्या दगडावर उडी मारतो आणि हे राहून जातं (मीही कित्येक वर्षं तेच केलंय).

याच अध्यायात येशूचा शिष्य थोमा आहे, चला आपणही येशूबरोबर मरायला जाऊ म्हणणारा. आपण त्याला फक्त संशयी म्हणून ओळखतो. पुढे २०व्या अध्यायात तो म्हणतो, खिळ्यांचे व्रण बघितल्याशिवाय येशू उठलाय हे मी मानणार नाही, आणि त्यानंतर आठ दिवसांनीही तो त्याच शिष्यांबरोबर त्याच घरात दिसतो. त्यांनी त्याला हाकललं नाही, तोही उठून गेला नाही. तुला सध्या एवढंच जमलं तरी चालेल, बसून राहा, गाणं तोंडातून नाही निघालं तर नुसतं ऐक.

आपल्या पंडिता रमाबाईंचं बघ. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर त्रैक्यावरून (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव, या शिकवणीवरून) तिथल्या एका सिस्टरशी, म्हणजे जोगिणीशी, पत्रांतून जोरदार वाद घातले, एका पुरोहितांचं जोखड टाकलंय, आता दुसरं घेणार नाही अशा अर्थाचं खडसावून लिहिलं. अशा बाईने पुढे सगळं बायबल मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठीत आणलं.

प्रभुभोजनाची भीती बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ११व्या अध्यायातल्या 'अयोग्य प्रकारे' या शब्दांची असेल, तर वरच्या ओळी वाच, तिथे ओरडा पडलाय तो आधी जेवून गरिबांना उपाशी ठेवणाऱ्यांना.

प्रार्थना होत नसेल तर स्तोत्र ८८ मोठ्याने वाच. बाकीची बहुतेक रडगाणी शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळतच नाही, अंधारातच संपतं, आणि तरी ते शास्त्रात आहे. झोप-जेवण बिघडलं असेल तर काउन्सेलरकडे पण जा, त्यात विश्वास कमी वगैरे काही नसतं.

संडे स्कूल दोन महिने दुसऱ्या कुणाला दे. पण त्याआधी एकदा त्या पोराला जवळ बसवून सांग, हो रे, केलं होतं प्रे, का नाही बरी झाली ते टीचरला पण कळत नाही, आणि मला तिची फार आठवण येते. मग तो काय बोलतो ते मला कळव.